चेपलेला मणी

"म्हंजे नुसत्या फोटूवरनं सोनं वळकतूस तू?"

"ओळखतो, आबा."

"हात न लावता?"

"हात न लावता."

निवृत्तीआबांनी मान हलवली. ती कौतुकानं हलवली की नुसतीच, हे कळायला मार्ग नव्हता. आबांच्या चेहऱ्यावरून कुणाला कधी काही कळलेलं नाही.

आबा सिद्धाच्या डोंगरावर, देवळामागच्या ओवरीत राहायचे. आमच्या खानापूर भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी, म्हणजे जुनं सोनं आटवून शुद्ध करायला, देशभर पांगलेली आहेत. आबांची भट्टी तिकडं सेलमला होती. दागिन्याचा वाद निघाला की तिथले पेढीवाले आबांच्या कसोटीच्या दगडापुढे गप्प बसत. पुढे भट्टीच्या जाळानं डोळे नेले, बायको गेली, आणि आबा सगळं आवरून डोंगरावर येऊन बसले. आता त्यांना उजेड तेवढा कळायचा. माणूस आवाजावरून ओळखावा लागायचा.

समोर बसला होता धैर्यशील. आबांचा सगळ्यात हुशार शिष्य. हे आबांनी कधी म्हटलं नव्हतं, धैर्यशीलच म्हणायचा.

तसा तो खोटं बोलत नव्हता. ऑनलाइन लिलावात कोण कुठला दागिना विकायला काढतं, त्यातलं खरं किती, मुलामा किती, आणि खऱ्यालाही दुप्पट भाव कोण लावतं, हे तो मोबाइलवर व्हिडिओ करून लोकांना शिकवायचा. हजारो लोक त्याचं ऐकून बोली लावत, त्याचं ऐकून हात आखडता घेत. कित्येकांच्या पोरीबाळींच्या लग्नाचे पैसे त्यानं बुडता बुडता वाचवले होते. फक्त प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी तो एक वाक्य म्हणायचा, "मी कुणाच्या गुंजभर सोन्याचा मिंधा नाही." लोकांना ते वाक्य फार आवडायचं. त्याला स्वतःला त्याहून जास्त आवडायचं.

"सांग की मग," आबा म्हणाले. "कसं वळकतूस?"

"दागिन्याची पाठ बघायची. पुढून सगळेच देखणे असतात. कडी, फासा, जिथं कातडीला घासतं तिथला मुलामा आधी उडतो. विकणारा पाठीचा फोटो देत नसेल तर सोडून द्यायचं."

"बरं."

"वजन विचारायचं. पोकळ मण्यात लाख भरलेली असते. लाखेसकट वजन लिहितात आणि सगळ्याला सोन्याचा भाव लावतात."

"बरं."

"वडिलोपार्जित आहे म्हणून हॉलमार्क नाही, असं लिहिलेलं दिसलं की दोन पावलं मागं सरायचं. आणि भाव चढवणारे दोघंच असले, आळीपाळीनं, तर ते विकणाऱ्याचे मेव्हणे समजायचे."

आबा हसले. पुढचे दात नसल्यानं ते हसू लहान पोरासारखं दिसलं.

"मेव्हणे! ह्ये झ्याक हाय."

धैर्यशीलही हसला. पण त्याचा हात इतका वेळ सदऱ्याच्या खिशातच होता.

"आन आज काय आनलंयस?"

हसू थांबलं.

धैर्यशीलनं खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि सोडली. आत बोरमाळ होती, बोराएवढ्या सोनेरी मण्यांची, जुन्या घडणीची.

"आईची बोरमाळ सापडली, आबा."

आबांचा हात घोंगडीवरून फिरत होता. तो थांबला.

"कुटं सापडली?"

"लिलावात. विकणारा सेलमचा निघाला."

"सेलमचा..."

"दादा मेला त्या गावचा."

दादा म्हणजे सयाजी, धैर्यशीलचा थोरला भाऊ. त्याचं नाव या दोघांत बऱ्याच वर्षांत फारसं निघालं नव्हतं. आबांनी कधी विचारलं तर धैर्यशील "तिकडं असतो" म्हणायचा आणि विषय बदलायचा.

"ही गोष्ट मी घराबाहेर कधी काढली नाही," धैर्यशील म्हणाला. "घराची अब्रू. आज काढतो. वडील गेले तेव्हा आईनं बोरमाळ उतरवून पेटीत ठेवली. परत कुणी बघितली नाही. आईचं दहावं झालं आणि आम्ही पेटी उघडली. नुसतं फडकं होतं."

"आन सयाजी?"

"चुलती म्हणाली, सयाजी मागं एकदा बोरमाळ फडक्यात बांधून नेत होता, मी डोळ्यांनी बघितलं. मी दादाला सगळ्यांपुढं विचारलं."

"काय म्हनला?"

"म्हणाला, नेली मी. खाल्ली न्हाई."

"आनि?"

"कुठं नेलीस, तर म्हणे आईनं सांगू नको म्हणलंय." धैर्यशील कडवट हसला. "मेलेल्या माणसाची साक्ष काढायला काय लागतं, आबा? मी म्हटलं, या घरात एक तर चोर राहील नाहीतर मी. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं गेला. बायकोला घेऊन."

"भांडला न्हाई?"

"नाही. खरा असता तर भांडला असता."

आभाळ सकाळपासून मळकट होतं. मधूनच ऊन पडायचं आणि ओवरीच्या दगडापर्यंत येऊन परत जायचं.

"म्हंजे त्यापायी गेला व्हय त्यो गाव सोडून," आबा म्हणाले. "मला वाटलं धंद्यापायी गेला."

"गेल्या वर्षी तिकडंच वारला. मी मातीला गेलो नाही. उद्या त्याचं वर्षश्राद्ध. शालनवहिनी आल्यात. घराच्या दारात व्हावं म्हणतात, त्याची तेवढीच इच्छा होती म्हणे. मी म्हटलं, आबांकडं चला. ही माळ आईची आहे असं आबा म्हणाले, म्हणजे दादानं तिकडं नेऊन विकली हे ठरलं. मग तुम्ही मुकाट्यानं परत जायचं."

"आन त्या काय म्हनल्या?"

"आबा म्हणतील ते खरं, म्हणाल्या."

"कुटं हायत?"

"खाली पायरीवर बसल्यात. वर चला म्हटलं तर आल्या नाहीत."

आबांनी पायऱ्यांच्या दिशेनं तोंड वळवलं. त्यांना दिसत काहीच नव्हतं, तरी ते थोडा वेळ तिकडंच बघत राहिले.

"धैर्या, एक इचारू?"

"विचारा की."

"तू का न्हाई लावलीस कसाला? दगूड हाय, काड्या हायत. डोळं हायत."

धैर्यशील गडबडला. अशा प्रश्नाची त्याला सवय नव्हती.

काड्या खरोखरच त्याच्याजवळ होत्या. पितळी नळीत घालून तो त्या कायम बरोबर बाळगायचा. कसोटीची काडी म्हणजे पितळेची बारीक सळई, टोकाला ठरलेल्या शुद्धतेच्या सोन्याचा तुकडा झाळलेला. दागिना काळ्या दगडावर घासायचा, शेजारी काडी घासायची, दोन्ही रेघांवर तेजाब, म्हणजे आम्ल, फिरवायचं आणि बघायचं, खरी रेघ राहते, खोटी विरते. "नुसती येक रेघ काय बी सांगत न्हाई," आबा शिकवायचे. "शेजारी खऱ्याची रेघ वढल्याबिगर खोटं दिसतच न्हाई."

आबांचा एक नियमही होता. शिकणाऱ्यानं आपल्या काड्यांचं सोनं आपल्या घरून आणायचं. कुणी आईची नथ आणली, कुणी आजीची कानातली फुलं. पेढीवाल्यानं पाकीट पुढं केलं तरी घरचं सोनं दगडावर ओढताना खोटं बोलायला माणसाची जीभ अडखळते, असं आबांचं म्हणणं होतं.

धैर्यशीलनं सोनं आणलं नव्हतं. "विधवा आईपुढं मी हात पसरणार नाही, काड्या देत नसाल तर तसं सांगा," असं तो विशीत, सेलमच्या भट्टीवर, आबांना तोंडावर म्हणाला होता. आबांनी काही न बोलता त्याला भात्यावर बसवलं. वर्षभर तो भट्टीला वारा घालत बसला. मग एक दिवस आबांनी हाक मारून पाच काड्या त्याच्या हातावर ठेवल्या, सोनं न मागता. तेव्हापासून तो सगळ्यांना सांगत आला होता की गुरूनं आयुष्यात एकदाच नियम मोडला, तो माझा हात बघून.

"घरचं सोनं आपण कसाला लावू नये," तो आता म्हणाला. "तुम्हीच म्हणायचा."

"म्या?"

"म्हणजे... तसंच काहीतरी."

"म्या असं कदी म्हनलो न्हाई, धैर्या."

धैर्यशीलनं खाली बघितलं.

"पाठीचा फोटू व्हता?"

"कसला?"

"ह्या माळंच्या पाठीचा."

"...नव्हता."

"वजान?"

"लिहिलं होतं."

"लाखंसकट?"

"विचारलं नाही."

"हॉलमार्क?"

"आईच्या लग्नातली माळ, आबा! तेव्हा कुठला हॉलमार्क?"

"म्हंजे वडिलोपार्जित."

"...हो."

"बोली लावनारं कितीजन व्हतं?"

धैर्यशील रुमालाचं टोक मुडपू लागला.

"कितीजन?"

"मी. आणि दोघं."

"मेव्हणे," आबा म्हणाले. या वेळी ते हसले नाहीत.

तिप्पट भावानं घेतली होती त्यानं. बोली संपली तेव्हा त्याला आनंद झाला होता, आणि वाईट तेच होतं. आपण जिंकलो याचा आनंद नव्हे. दादा चोर होता हे आता हातात धरून दाखवता येईल, याचा.

"पण हा मणी बघा!" त्यानं माळ आबांच्या हातात दिली आणि त्यांचं बोट धरून एका मण्यावर ठेवलं. "चौथा. चेपलेला आहे. दात येताना मी चावलेला. आई सगळ्यांना दाखवायची, माझ्या धाकट्याचा पहिला दात म्हणून. असा मणी जगात दुसरा नाही, आबा."

आबांनी बोट फिरवलं. तेजाबानं पिवळं पडलेलं, ठसा झिजून गुळगुळीत झालेलं बोट.

"चेपलाय खरा. ह्ये कुनाकुनाला ठावं व्हतं?"

"आईला. मला. दादाला."

"आनि?"

"आणि कुणाला असणार?"

"इच्यार कर."

धैर्यशीलनं विचार केला. मग त्याचा चेहरा उतरला.

"मी... लिहिलं होतं."

"कुटं?"

"आईचा लग्नातला फोटो टाकला होता मोबाइलवर. ही माळ कुणाला कुठं दिसली तर कळवा, मागाल ती किंमत देईन. खूण म्हणून... चौथा मणी लिहिला होता."

हजारो लोकांना सावध करणाऱ्या माणसानं आपल्या हातानं चोराकडं जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या होत्या. वर मागेल ती किंमत कबूल केली होती. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्यावर त्यानं झकास व्हिडिओ केला असता.

"ऊन आलंय," आबा म्हणाले. "हाय तवर दगूड काढ. कस उजेडातच दिसतू."

"तुम्ही करा, आबा."

"मला रेघ कुटं दिसती? तूच घास. तूच बघ. बघून मला सांग."

धैर्यशीलनं पिशवीतून दगड काढला, तेजाबाची बाटली काढली, नळीतून एक काडी काढली. चौथा मणी त्यानं टाळला आणि पाचवा घेतला. दगडावर रेघ ओढली. शेजारी काडीची रेघ ओढली. काचेच्या सळईनं दोन्हींवर तेजाब फिरवलं.

"काय दिसतंय?"

"थांबा."

तो वाकून बघत राहिला. मग त्याचा आवाज एकदम चढला.

"राहिली, आबा! दोन्ही राहिल्या! मी म्हटलं नव्हतं? आईचीच आहे!"

खाली पायरीवर बसलेल्या बाईला तो आवाज ऐकू गेला असणार. तिनं वर बघितलं.

"ऱ्हायली?"

"जशीच्या तशी!"

"आता त्याच जाग्यावर घास. जोरात. पैली रेघ मुलाम्याची असती, ह्ये तुला म्या सांगाया नगं."

हे त्याला माहीत होतं. तो शिकवायचा. या खेपेला ते त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं, किंवा आलं होतं आणि त्यानं बाजूला सारलं होतं.

त्यानं तोच मणी परत घासला. एकदा, दोनदा, जोर लावून. खरखर झाली. नवी रेघ ओढली, तेजाब फिरवलं.

रेघ हिरवट फेसाळली आणि बघता बघता गेली. मण्यावर घासलेल्या जागी तांबूस डाग उघडा पडला.

"सांग. काय दिसतंय, धैर्या?"

"गेली."

"मोठ्यानं सांग. माजं कान बी आता पैल्यासारखं न्हाईत."

"गेली, आबा. तांबं आहे."

आबांनी माळ पुन्हा रुमालात ठेवली, जपून, खऱ्या दागिन्यासारखी. धैर्यशीलच्या कपाळावर घाम आला होता. त्यानं तो पुसला. मग पुन्हा ताठ झाला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा.

"ठीक आहे. मी फसलो. कबूल. पण ही खोटी निघाली म्हणून दादा सुटत नाही. आईची माळ गेलीच ना? नेली मी, असं तो स्वतःच्या तोंडानं म्हणालाय. ही नसेल, दुसरीकडं कुठं विकली असेल."

"आसंल."

"मग? वहिनींना काय सांगायचं? मी म्हणतो, काही बदललेलं नाही."

"दुसरी रेघ काय म्हनती?"

"कुठली?"

"काडीची."

"ती आहे की."

"कशी दिसती?"

"पिवळी. लखलखीत."

"नीट बघ."

"बघतोय, आबा. रोज बघतो."

"रोज बघतूस..." आबांचा आवाज अगदी खाली आला. त्यांनी हात पुढं केला, चाचपडत दगडाची कड शोधली आणि तिथंच बोटं टेकवली, रेघेला न लावता.

"सापडली की मग."

"काय?"

"तुज्या आईची बोरमाळ."

धैर्यशीलला कळलं नाही. किंवा कळलं आणि ते त्याला आत येऊ द्यायचं नव्हतं. तो दगडाकडं बघत राहिला.

"सयाजी घिऊन आल्ता," आबा म्हणाले. "सेलमला, भट्टीवर. फडक्यात बांदून. तू मागं भात्यावर व्हतास, तुला त्यो भेटला बी न्हाई. म्हनला, आईनं दिलीया. धाकट्याच्या काड्यांसाटी. लाख जळून गेली. ऱ्हायलं त्यातनं पाच काड्या झाल्या."

"आबा..."

"जाताना हात जोडलं त्यानं. म्हनला, धाकट्याला कळू दिऊ नगा. त्यो कुनाचं फुकट घ्येत न्हाई, ह्ये कळलं तर काड्या टाकून गावाकडं यील. आई म्हनली, तुमी हात बगून दिल्या असंच त्याला वाटू द्या."

ऊन ओवरीतून गेलं. वाऱ्यानं देवळाच्या कळसावरचा झेंडा एकदा फडफडला आणि पडला.

"तुम्ही कधी बोलला नाहीत," धैर्यशील म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

"शबूद दिल्ता." आबांनी घोंगडीच्या टोकानं डोळे पुसले. जे डोळे गेले होते त्यांतूनही पाणी यायचं राहत नव्हतं. "सयाजीनं बी दिल्ता. त्यानं मरंपतुर पाळला. मला कुनी इचारलंच न्हाई, धैर्या. मला वाटलं, घरात सगळी सुकात हायत."

धैर्यशीलनं नळी उपडी केली. उरलेल्या काड्या त्याच्या ओंजळीत पडल्या. त्यातल्या एकीचं टोक झिजून पितळ दिसायला लागलं होतं. ती काडी तो व्हिडिओत वापरायचा. गरज नसताना घासायचा, कॅमेऱ्यासमोर छान पिवळी रेघ दिसते म्हणून, आणि मग फडक्यानं पुसून टाकायचा. किती वेळा पुसली असेल, ते आता त्याला मोजवेना.

"नेली मी, खाल्ली न्हाई," तो पुटपुटला. "एवढंच म्हणाला होता, आबा. सगळी भावकी बसली होती. चुलती रडत होती. मी त्याच्या तोंडावर... आणि तो माझ्याकडं बघत होता. मला वाटलं, निर्लज्ज आहे, म्हणून बघतोय."

सवयीनं त्याचा हात फडक्याकडं गेला. काम झालं की दगड पुसून ठेवायचा, ही आबांनीच लावलेली सवय. फडकं दगडाला लागणार इतक्यात आबांनी त्याचं मनगट पकडलं. म्हाताऱ्याच्या पकडीत इतका जोर असेल असं वाटलं नसतं.

"पुसू नगंस."

फडकं त्याच्या हातातून खाली पडलं.

खाली पायरीवर शालनवहिनी उठून उभ्या राहिल्या होत्या. अंधारायला लागलं होतं आणि तालुक्याला परत जाणारी शेवटची एसटी यायची वेळ झाली होती. त्यांनी गाठोडं काखेला मारलं. वर हाक मारली नाही, काही विचारलं नाही. जायचं की राहायचं, एवढं कुणीतरी सांगेल म्हणून त्या वाट बघत उभ्या होत्या.

धैर्यशीलनं त्यांच्याकडं बघितलं. उठायला म्हणून त्यानं मोकळा हात जमिनीवर टेकला आणि पुन्हा आबांकडं वळला. तो तसाच अर्धवट बसला.

"आबा," तो म्हणाला, आणि आता तो भात्यावरच्या त्या पोराच्या बोलीत बोलत होता. "हज्जार दागिनं वळकलं म्या. येकदा चुकलो न्हाई. मग घरातलं मानूस कसं वळकलं न्हाई?"

आबांनी त्याचं मनगट सोडलं.

"हज्जार दागिन्यांच्या येळला शेजारी काडी वढलीस... सयाजीला कसाला लावलास, तवा शेजारी काडी कुनाची वढली व्हतीस?"